लेजंडबाईंच्या शिव्या

लेजंडबाई ग्राफ नुसता बघत नसत, तो मोठ्यानं वाचत. कोपऱ्यातल्या चौकटीत जे काही लिहिलेलं असेल ते अक्षरन् अक्षर, खोलीतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात माझा पहिला ग्राफ त्यांच्या टेबलावर गेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ धरला आणि सुरू झाल्या, "ग्रुप वन. ग्रुप टू. हे कोण होत वं? मायबापानं नाव नाही ठेवलं काय यायचं?" कोणीतरी हसलं. "हसू नका. आजपासून हिचं नाव ग्रुप टू. बिननावाचं फिरणं कसं राहते ते समजू द्या हिले." पुढे कितीतरी महिने चहावाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला ग्रुप टू म्हणत. मी घरी जाऊन रडायचे आणि बाईंची स्कूटी रोज पंक्चर व्हावी अशी मनापासून इच्छा करायचे.

रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं संशोधनाचं ऑफिस होतं. खाली पेशंट, वर त्यांचे आकडे. बाई त्या आकड्यांच्या प्रमुख. ग्राफवर रंगीत रेषा असतात, आणि कोणता रंग कोणाचा हे सांगणारी एक छोटी चौकट बाजूला असते, तिला लेजंड म्हणतात. बाकीच्या जगाच्या दृष्टीनं ही ग्राफमधली सगळ्यात बिनमहत्त्वाची जागा. बाई मात्र आधी तिथेच बघायच्या, म्हणून त्या लेजंडबाई. हे नाव आपल्याला पाठीमागे चिकटलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना ते आवडायचंही, पण तसं कबूल करण्यातल्या त्या नव्हत्या.

बाईंना जाऊन बरेच दिवस झाले. लोक त्यांच्या शिव्यांचे किस्से सांगून हसतात, मीही हसते. पण मला त्या आठवतात त्या अमोलमुळे. आमच्यात सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला माणूस म्हणजे अमोल, आणि बाईंची एक शिवी मिळावी म्हणून शेवटी दारात उभा राहिलेला माणूसही तोच. ती त्याला मिळाली की नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

बाईंचा नियम एकच: लेबल हातानं लिहायचं नाही. डेटासोबत एक छोटी फाइल साठवलेली असायची, तिच्यात प्रत्येक गटाचा कोड आणि त्याच्या शेजारी त्याचं पूर्ण नाव. ग्राफ काढताना नाव त्या फाइलमधून उचलायचं, कोडासकट, म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याला लागण्याचा प्रश्नच नाही. आम्ही जे सॉफ्टवेअर वापरायचो त्याचं नाव नुसतं आर, एका अक्षराचं. हे आर गटांना आपल्या मनानं इंग्रजी अक्षरांच्या क्रमात उभं करतं. तुम्ही कोड न देता नुसती नावं टाइप करून दिलीत, तर ते मुकाट्यानं ती त्याच क्रमानं चिकटवून मोकळं होतं. चुकलं तर बोंब मारत नाही. "ते आर हाये, तुही माय नाही," बाई नव्या पोरांना सांगायच्या. "बाळा, खरंच असंच लिहाचं होतं का, असं ते तुले विचारणार नाही."

लहान-मोठं त्या काही पाहत नसत. एकदा बाहेरगावचे एक मोठे तज्ज्ञ आमच्याकडे भाषणाला आले. त्यांच्या ग्राफच्या लेजंडवर आरनं आपल्या मनानं घातलेलं शीर्षक तसंच राहिलं होतं. भरल्या सभेत बाई उठल्या आणि वाचू लागल्या, "फॅक्टर, कंस सुरू, जी आर पी, कंस पूर्ण. साहेब, हा कोणता आजार म्हणायचा? आमच्या विदर्भात अजून आला नाही." साहेबांचा चेहरा उतरला, सभा गडबडली. पुढे त्यांनी आमच्यासोबत काम केलं नाही. आमचे मोठे डॉक्टर बाईंवर चिडले, तर बाई म्हणाल्या, "माणूस गेला तर जाऊ द्या. कंस घेऊन गेला ते बरं झालं."

बाई मूळच्या उमरेडच्या, हातमागवाल्यांच्या घरातल्या. वडील मागावर बसले की घरात कोणी बोलायचं नाही, अशा शिस्तीत वाढलेल्या. त्याबद्दल त्या फारशा बोलत नसत, फक्त एकदा म्हणाल्या, "मागावर धागा चुकला तर उकलता येते. विकलेलं लुगडं उकलता येत नाही." हे त्या गोड बोलून सांगत होत्या असं कोणी समजू नये. त्या वेळी समोर एक पोरगी हुंदके देत उभी होती.

अमोलला मात्र त्या शिव्या द्यायच्या त्यात काहीतरी वेगळंच होतं. "बह्याडा", "गधड्या", "अबे, डोयात काय तर्री गेली काय तुह्या?" दिवसाची सुरुवातच व्हायची ती अशी. त्याच्या लग्नाला त्या भर उन्हात भिवापूरला गेल्या. तो फेटा बांधून मांडवात उभा, आणि ह्या आहेर हातात देताना म्हणाल्या, "त्या सिकलसेलच्या ग्राफमध्ये दोन रंग सारखेच दिसून राहिले गा. सोमवारी येऊन आधी ते कर, मंग बायकोले फिरायले ने." नवरी बघतच राहिली. अमोल हे वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला, मेडल मिळाल्यासारखा. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

आमचा मोठा अभ्यास होता मधुमेहाच्या पेशंटच्या पायाच्या जखमांवर. त्यात दोन पट्ट्या होत्या. एक दवाखान्यात पूर्वीपासून वापरात असलेली, दुसरी नव्यानं आलेली, चकचकीत पाकिटातली. कोणत्या पट्टीनं जखम लवकर भरते, इतकाच प्रश्न. डेटामध्ये त्यांची नावं इंग्रजीत होती, ओल्ड आणि न्यू. बराच काळ दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या, काही निकाल दिसत नव्हता. डॉक्टरांना नवी पट्टी जिंकायला हवी होती. बाईंना कोणी जिंको, कोणी हरो, लेजंड बरोबर असलं की झालं.

आणि खुद्द बाईंना साखर होती. ती त्यांनी अजिबात मनावर घेतली नव्हती. सकाळी तर्री-पोहे, दुपारी कोणाच्या तरी डब्यातली संत्रा बर्फी, आणि वर आम्हाला पेशंटच्या पथ्याचे आकडे तपासायला लावायच्या. मे महिन्यात त्या सीताबर्डीत काहीतरी घ्यायला गेल्या आणि चपलेचा अंगठा तुटला. रिक्षा करायची सोडून मोची शोधत तापलेल्या डांबरावरून अनवाणी निघाल्या. तळपायाची जाणीव साखरेनं कधीच खाल्ली होती, त्यामुळे पाय भाजतोय हे त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी पाय खुर्चीवर घेतला, तेव्हा तळव्याची कातडी सोलून निघालेली दिसली. "काही दुखून नाही राहिलं वं," त्या म्हणाल्या. तेच तर वाईट होतं.

आठवडाभरात जखम चिघळली, ताप भरला आणि बाई आमच्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर भरती झाल्या. नेमक्या त्याच दिवसांत वर शेवटचा डेटा आला. दोन्ही रेषा अखेर सुटल्या आणि एक चांगली वर गेली, म्हणजे त्या पट्टीनं जास्त जखमा भरल्या होत्या. ती नवीच असणार असं धरून डॉक्टर खूश झाले. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर लावायला मोठा ग्राफ पाहिजे, आणि पेशंटला वाचता आला पाहिजे म्हणून मराठीत पाहिजे, आणि आजच पाहिजे, असं त्यांनी अमोलला सांगितलं.

साठवलेल्या फाइलमध्ये मराठी नावं नव्हती. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी फाइलमध्ये भर, मग ग्राफ काढ. अमोलनं वेळ वाचवला आणि दोन नावं हातानं टाइप केली. आता गंमत बघा, तो बेफिकीर नव्हता. आर अक्षरांच्या क्रमानं लावतं हे बाईंनी त्याच्या डोक्यात इतकं ठोकून बसवलं होतं की त्यानं आठवणीनं, नीट विचार करून, नावं अक्षरांच्या क्रमानं लिहिली. आधी ज, मग न. जुनी पट्टी, नवी पट्टी. पण आरच्या पोटात नावं इंग्रजीच होती, आणि तिथे एन आधी येतो, ओ नंतर. न्यू आधी, ओल्ड नंतर. नव्या पट्टीच्या रेषेवर जुनीचं नाव बसलं, आणि जुनीच्या रेषेवर नवीचं. वर गेलेली रेषा होती जुन्या पट्टीची. भिंतीवर लागलं की नवी चांगली. सगळ्यांना तेच वाचायचं होतं, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

त्या ग्राफखालून सिस्टर रोज बाईंच्या ड्रेसिंगला यायच्या. मी तिथे बसलेली असताना त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कोणती पट्टी लावू? तुम्ही तर यातल्याच."

बाई तापानं अर्धवट डोळे मिटून होत्या. "भिंतीवरचा ग्राफ काय म्हणते?"

"नवी चांगली म्हणतो."

"मंग नवी लावा. ग्राफपुढं मी कोण?"

आयुष्यभर ज्या बाईनं दिसेल त्या ग्राफला आधी विचारलं की लेबल कुठून आलं, तिनं त्या एका दिवशी विचारलं नाही. अंगात ताप होता, आणि ग्राफ आपल्याच पोरांनी काढलेला होता. पाय वाचवायची धडपड पावसाळा लागेपर्यंत चालली. मग डॉक्टरांनी गुडघ्याखालून काढायचं ठरवलं. बाईंनी सही केली आणि म्हणाल्या की एकच चप्पल विकणारा दुकानदार सीताबर्डीत आता शोधावा लागेल. त्यांची बहीण बाहेर जाऊन रडली. मी आतच रडले.

ऑपरेशननंतर थोडं बसता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काय मागितलं असेल तर माझा लॅपटॉप. म्हणाल्या, "तो भिंतीवरचा ग्राफ दाखव वं, ज्यानं माहा पाय नेला." बोलण्यात खोच नव्हती, नेहमीची थट्टा होती; त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मी दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. पहिल्यांदाच काही मोठ्यानं वाचलं नाही. कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघत हळू आवाजात विचारलं, "लेबलं कुठून आली?" मग स्वतःच अमोलनं ग्राफसाठी लिहिलेला प्रोग्राम उघडला, खाली सरकवला, आणि नावं टाइप केलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "एन. मंग ओ," त्या म्हणाल्या. मला समजायला थोडा वेळ लागला. 

अमोलला बोलावलं. डॉक्टरही आले. बाईंनी अमोलला पलंगाशेजारी उभं करून ती ओळ वाचायला लावली. तो वाचू लागला आणि अर्ध्यात थांबला, कारण चूक त्याला वाचतानाच दिसली.  डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "बाई, जुन्या पट्टीनं पाय वाचलाच असता असं कोणी म्हणू शकत नाही."

"नाहीच म्हणता येत," बाई म्हणाल्या. "एका पायाचा ग्राफ निघत नाही, डॉक्टर."

आम्ही सगळे शिव्यांची वाट पाहत होतो. अमोल तर मान खाली घालून तयारच होता, जोडीला मारही चालला असता त्याला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अमोलराव, आधी तो ग्राफ भिंतीवरून काढा. मंग ज्या ज्या पेशंटले तो पाहून नवी पट्टी लावली, त्यायले फोन करा. इथं बसूनच करा, म्हणजे मले ऐकू येईल. आणि बसा, उभे काहून?"

अमोलराव. बसा. करा. त्याला त्या गा म्हणायच्या, अबे म्हणायच्या, तू सोडून त्याच्यासाठी त्यांच्या तोंडात दुसरा शब्द कधी आला नव्हता. अमोलनं चटकन वर पाहिलं, आणि मला वाटतं पायाचं कळलं तेव्हाही त्याचा चेहरा इतका पांढरा झाला नव्हता.

त्यानं पलंगाशेजारी बसून एकेका पेशंटला फोन केले. आमच्या ग्राफवर नावं उलटी लागली होती, तुमची पट्टी बदलायची आहे, उद्या या. काटोलच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "म्हणजे चुकलं कोन? मी का पट्टी?" अमोल म्हणाला, "मी चुकलो, आजोबा." बाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली नाही की हाताचं एक बोट हलवलं नाही. फोन संपल्यावर त्या म्हणाल्या, "थकले असाल अमोलराव. घरी जा."

लाकडी कुबड्या घेऊन बाई पुन्हा ऑफिसात येऊ लागल्या आणि आमच्यावर पूर्वीसारख्याच तुटून पडू लागल्या. कुबडीनं टेबल ठोकायची नवी सोय त्यांना झाली होती. अमोलचा ग्राफ आला की मात्र त्या तो घ्यायच्या, तपासायच्या, चूक असेल तर पेन्सिलीनं गोल करून परत द्यायच्या. "एवढं बघता का? आभारी आहे." आवाज मऊ. असला मऊपणा शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. एकदा अमोलनं मुद्दाम लेजंड पार रेषेच्या अंगावर आणून बसवलं, निव्वळ त्यांनी भडकावं म्हणून. त्यांनी गोल केला आणि आभार मानले. त्या दिवाळीआधी त्यानं नोकरी सोडली आणि एका विमा कार्यालयात लागला. त्याच्या निरोपाला बाईंनी स्वतःच्या पैशानं शाल आणली. शाल! ज्या बाईनं कोणाला कधी पेन दिला नाही.

मला त्यांचा राग यायचा. मी एकदा तोंडावर बोललेही, की बाई, हे तुम्ही फार वाईट करून राहिलात. त्या म्हणाल्या, "मी काय केलं वं? मी तर काही बोललीसुद्धा नाही."

त्यांच्या दुसऱ्या पायालाही पुढे साखरेनं गाठलं आणि त्या घरीच राहू लागल्या. प्रताप नगरात बहिणीसोबत त्यांचं घर होतं. मी दर रविवारी ऑफिसातला एखादा ग्राफ घेऊन जायचे. शेवटच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी अमोलही आला. हातात संत्र्यांची पिशवी, नीट इस्त्रीचा शर्ट, विमा कंपनीचे चकचकीत बूट दाराबाहेर. बाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. "या अमोलराव. घरचे बरे आहेत ना? मुलगी शाळेत जाते का?" बहिणीनं चहा आणला. थोडा वेळ असंच चाललं, आणि मग अमोलचा बांध फुटला.

"बाई, एकदा शिव्या द्या मले. एकदाच. माह्यानं हे सहन होऊन नाही राहिलं. तुम्ही मले मारा, काही करा, पण हे अहो-जाहो नका करू."

बाईंनी कप बशीत ठेवला. त्यांना रागही आलेला नव्हता, दुःखही झालेलं दिसत नव्हतं. "अमोलराव, शिव्या कामाच्या माणसाले असतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याच्या हातून उद्या मले ग्राफ पाहिजे राहते, त्याले. तुमच्या हातून मले आता काहीच नाही पाहिजे. चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

अमोलनं तो चहा घेतला. सगळा घेतला. मग उठला, वाकून त्यांच्या उरलेल्या एका पायाला हात लावला आणि बाहेर गेला. मला उठून त्याच्या मागे जायचं होतं. पण बाईंनी हात पुढे केला होता, माझ्या ग्राफसाठी. मी दिला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय वं? अं? लेजंडमध्ये गावाची नावं आडवीतिडवी काहून पडली? फाइलमध्ये क्रम दिला होता ना मी? बह्याडे, इतक्या वर्षांत काय शिकली तू, खाक? डोये आहेत की कवड्या? थांब, जाऊ नको, पूर्ण ऐक!" बाईंना ठाऊक होतं दार उघडं आहे. मलाही ठाऊक होतं. त्या आवाज चढवतच गेल्या, कुबडी भिंतीवर आपटली, बहीण आतून धावत आली, आणि मी मान खाली घालून प्रत्येक शब्द घेत होते, आणि खरं सांगते, मला इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. बाहेर अमोल पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता, आणि त्या काही केल्या त्याच्याकडून बांधून होत नव्हत्या.